सेकंदरावांचे अकरा सेकंद

रेडिओ केंद्रात त्यांना सगळे सेकंदराव म्हणत. तोंडावर नाही, पाठीमागे. पण इतकं सर्रास, की बदलून आलेल्या एका नव्या कारकुनाने त्यांच्या रजेच्या अर्जावर तेच नाव घातलं आणि अर्ज मंजूरही झाला. नावाला कारण होतं. मिनिट हा शब्द त्यांच्या तोंडून कधी कुणी ऐकला नाही. बायकोने चहा किती वेळ झाकून ठेवू असं विचारलं, तर ते "नव्वद" म्हणत आणि वर्तमानपत्रात पुन्हा तोंड खुपसत. एकदा डॉक्टरने पोटातली कळ किती वेळ राहते असं विचारलं, तेव्हा त्याला "चौदा ते सतरा" असं उत्तर मिळालं. डॉक्टरने मुकाट्याने गोळ्या लिहून दिल्या.

ही खोड नोकरीने लावली असा सगळ्यांचा समज होता. तो चुकीचा होता. पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताचे निवेदक होण्याआधी सेकंदराव संगीतकार होते, म्हणजे स्वतः संगीत रचत होते. रचना करणारा माणूस वेळेचे तुकडे बेतणारा शिंपीच असतो, आणि हे शिंपीकाम ते शाळेच्या वयापासून करत आले होते. आई लवकर गेली. वडील शाळेत चित्रकला शिकवत. घर चालवलं ते सात वर्षांनी मोठ्या ताईने. ताईनेच त्यांना संगीत विद्यालयात घातलं आणि वडिलांना दोन आठवड्यांनी सांगितलं. वडील म्हणाले, "बरं." त्यांना संगीतातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण मुलाच्या प्रत्येक कार्यक्रमाला ते शेवटच्या रांगेत येऊन बसत आणि टाळ्या सगळ्यांच्या नंतर वाजवत, उगाच चुकीच्या जागी वाजायला नकोत म्हणून.

विद्यालयातून त्या वर्षी रचना या विषयात तिघे उत्तीर्ण झाले. एक परदेशी गेला. दुसऱ्याने सासऱ्याचं फर्निचरचं दुकान सांभाळलं. तिसरे हे. यांनी चार नाटकांना संगीत दिलं, त्यातली तीन पडली; एका दंतमंजनाच्या जाहिरातीला चाल लावली; आणि सत्ताविसाव्या वर्षी त्यांना रेडिओ केंद्रातून बोलावणं आलं.

केंद्राने नुकतंच एक यंत्र आणलं होतं. बुटांच्या खोक्याएवढी पेटी, तिच्यावर एक काटा आणि दोन दिवे. प्रक्षेपणात पाच सेकंद कसलाच आवाज आला नाही की पिवळा दिवा लागायचा. आठ सेकंद झाले की लाल. लाल दिवा लागला की पेटी समजायची, इथे काहीतरी बिघडलंय, आणि आपणहून एक राखीव धून सुरू करायची, म्हणजे घरोघरच्या रेडिओंवर शुकशुकाट व्हायला नको. मग कुणीतरी येऊन बटण दाबेपर्यंत धून चालू. केंद्रातले लोक त्या पेटीला राखणदार म्हणत. या राखणदारासाठी केंद्राला तीन मिनिटांची धून हवी होती. अटी तीन: कुणाला खटकू नये, कुणाच्या लक्षात राहू नये, आणि कुठेही तोडली तरी चालावी.

सेकंदरावांनी एका दुपारीत ती लिहून दिली. एक बासरी, दोन व्हायोलिन, एक गिटार. पुढे त्यांची सगळ्यात जास्त वाजलेली रचना तीच ठरली. तार तुटली की ती वाजायची, वीज गेली की वाजायची, सकाळचा निवेदक झोपून राहिला की वाजायची. ती लक्षात राहू नये ही अट तेवढी मोडली, कारण गावोगावच्या पोरांना ती पाठ झाली. ती लागली की लोक एकमेकांना म्हणत, "बोंबललं वाटतं काहीतरी."

धून आवडली म्हणून असेल किंवा माणूस हाताशी होता म्हणून असेल, थोड्याच दिवसांत केंद्रप्रमुखांनी त्यांना पुन्हा बोलावलं. शास्त्रीय संगीताच्या कार्यक्रमाचा निवेदक आजारी होता. "दोन महिने बसा," साहेब म्हणाले. आजारी निवेदक बरा झाला आणि विमा विकायला लागला. सेकंदराव बसले ते सव्वीस वर्षं बसले.

निवेदकाची खोली म्हणजे तीन नंबरची. भिंतींना जाड नमदा, टेबलावर हिरवं बनातीचं कापड, कागद फिरवला तर खसफस व्हायला नको म्हणून. समोर मोठी काच आणि काचेपलीकडे इंजिनिअर बाई. या बाई सेकंदरावांच्या आधी दोन वर्षं लागलेल्या, आणि हे त्या त्यांना विसरू देत नसत. काचेच्या वर घड्याळ. त्याला मिनिटकाटा होता, पण सेकंदरावांना तो दिसत होता की नाही याबद्दल बाईंना शंका होती.

काम वरवर सोपं. कोण वाजवतंय, काय वाजवतंय, कुणी कधी रचलं, एवढं सांगायचं आणि बाजूला व्हायचं. सेकंदरावांची गंमत अशी, की रचना संपल्यावर ते चार सेकंद बोलतच नसत. "शेवटचा सूर संपला म्हणजे संगीत संपलं असं नाही," ते म्हणत. साहेबांना हे चार सेकंद सहन होत नसत. "अहो, लोकांना वाटतं तुम्ही उठून गेलात," साहेब म्हणत. ऐकणाऱ्यांना मात्र ते आवडायचं. कुणा बाईने पत्रात लिहिलं होतं, 'तुमच्या गप्प बसण्यात मला माझा चष्मा काढून पुसता येतो.' ते पत्र सेकंदरावांनी ड्रॉवरमध्ये जपून ठेवलं होतं.

कामाची दुसरी बाजू तेवढी सोपी नव्हती. बातम्या ठरल्या सेकंदाला लागतात. कुणाचाही बाप आड आला तरी त्या थांबत नाहीत. रेकॉर्ड लांबली की निवेदकाने हळूहळू आवाज खाली ओढायचा आणि रचनेचा शेवट गिळून टाकायचा. वर्षाला चाळीसेक शेवट सेकंदरावांनी असे गिळले. पहिल्या वर्षी प्रत्येक वेळी ते त्या मेलेल्या संगीतकाराला उद्देशून पुटपुटत, "माफ करा." नंतर पुटपुटणं थांबलं. स्वतः लिहिणंही थांबलं. घरच्या पियानोवर इस्त्रीचे कपडे साचू लागले, आणि बायकोने एकदा ते उचलता उचलता विचारलं, "अहो, हे वाद्य आहे की कपाट, एकदाचं ठरवून टाका." बायको शाळेत गणित शिकवायची. गोष्टी अर्धवट ठेवलेल्या तिला खपत नसत.

वडील गेले तेव्हा दुपारचे साडेतीन वाजले होते. पलंगाच्या एका बाजूला ताई, दुसऱ्या बाजूला हे. श्वास लांब लांब पडत चालले होते. एक यायचा, मग बराच वेळ काही नाही, मग दुसरा. एकदा असाच एक आला आणि गेला. ताईने बोट वर करून "थांब" अशी खूण केली, जणू आवाज झाला तर पुढचा यायचा राहील. दोघं वाट बघत राहिली. आणि तेवढ्यात सेकंदरावांची नजर, त्यांना न विचारता, मनगटावरच्या घड्याळाकडे गेली. अकरा सेकंद झाले तेव्हा ताई म्हणाली, "गेले रे."

बाप चाललाय आणि आपण घड्याळ बघतोय, या विचाराने त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ही शरम पुढे ओसरली नाही. ताईने ते पाहिलं की नाही हे त्यांना माहीत नव्हतं. विचारायची हिंमत झाली नाही.

याबद्दल ताईशी बोलता आलं असतं, तर पुढचं काही घडलं नसतं. बोलता येईना, म्हणून ते लिहायला लागले. सकाळची पाळी संपली की रेकॉर्डच्या कोठारात, दोन लोखंडी मांडण्यांच्या मधे एक स्टूल टाकून, जुन्या क्यू शीटच्या पाठच्या कोऱ्या बाजूवर. क्यू शीट म्हणजे कोणती रेकॉर्ड कितीला सुरू, कितीला बंद, मधे काय सांभाळायचं हे लिहिलेला कागद. केंद्रात त्यांचे गठ्ठेच्या गठ्ठे पडलेले असत. चार वर्षं लागली. बावीस मिनिटांची रचना झाली, फक्त तंतुवाद्यांसाठी. चौदाव्या मिनिटाला सगळी वाद्यं वाक्य अर्धवट सोडून थांबतात. अकरा सेकंद काही नाही. मग व्हायोलिनहून खालच्या आवाजाचा एकटा व्हायोला एक खालचा सूर धरतो आणि बाकीचे एकेक करून येतात.

सेकंदरावांना त्यातून नाव नको होतं आणि हारतुरेही नको होते. ताईने ते ऐकावं आणि तिला कळावं, एवढंच हवं होतं. ताई आठ तासांच्या अंतरावर राहायची. तिचे पाय गेले होते, ती घराबाहेर पडत नसे. उशाशी रेडिओ असायचा. भावाचा कार्यक्रम ती एक दिवस चुकवत नसे आणि संध्याकाळी फोन करून सांगायची, "आज घसा बसलाय तुझा, कोमट पाणी पी." तिच्यापर्यंत काही पोचवायचं तर ते रेडिओवरूनच.

वाद्यवृंदाच्या कंडक्टरने रचना वाचली आणि तो म्हणाला, "वाजवू या." (सेकंदरावांच्या सासूबाईंना कंडक्टर म्हटलं की बसच डोळ्यांपुढे यायची, त्यांनी "तो कशाला वाजवतोय?" असं विचारून घेतलं.) तारीख ठरली. संध्याकाळी सात वाजता सभागृहातून थेट प्रक्षेपण. सेकंदरावांनी त्या दिवशी निवेदन केलं नाही. दुसरा एक निवेदक बसवला आणि आपण बायकोबरोबर शेवटच्या रांगेत जाऊन बसले.

इथे त्यांच्या हातून एक चूक झाली. ती फक्त त्यांच्याच हातून होऊ शकत होती. सव्वीस वर्षं दुसऱ्यांच्या रचनांच्या क्यू शीटवर त्यांनी लाल शाईने लिहिलं होतं, 'येथे सहा सेकंद शांतता. घाबरू नये.' फार लांब शांतता असली तर राखणदाराशेजारी माणूस बसवा असंही लिहिलं होतं. स्वतःच्या रचनेचं क्यू शीट मात्र त्यांनी भरलंच नाही. आपल्याच हाताने आपल्या ताटात काय वाढून घ्यायचं, असं वाटून त्यांनी तो कागद दुसऱ्या निवेदकाकडे सरकवला. त्याने वेळ लिहिली, वाद्यं लिहिली आणि सही केली. तालमीलाही कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण तालमीत कुणी ना कुणी खुर्ची सरकवत होतं, कुणी खोकत होतं, आणि राखणदाराला तेवढं पुरत होतं.

कार्यक्रमाच्या दिवशी कुणी खोकलं नाही. एरवी त्या सभागृहात सलग अर्धं मिनिट खोकल्याशिवाय जात नसे. चौदाव्या मिनिटाला वाद्यं थांबली आणि सातशे माणसांनी श्वास रोखून धरले. खुर्ची वाजली नाही, कागद हलला नाही. बायकोने सेकंदरावांचा हात धरला. अकरा सेकंद पुरे झाले, व्हायोलाचा सूर आला, आणि सेकंदरावांना वाटलं, झालं. पोचलं तिच्यापर्यंत.

टाळ्या बऱ्याच वाजल्या. बाहेरच्या दालनात लोक हात मिळवत होते, तेवढ्यात मागच्या दारातून इंजिनिअर बाई आल्या. गळ्यात हेडफोन तसाच लटकत होता. "सेकंदराव," त्या म्हणाल्या, आणि तोंडावर असं म्हटल्याचंही त्यांच्या लक्षात आलं नाही. "माफ करा हो. राखणदार लागला."

आठव्या सेकंदाला केंद्रातल्या पेटीवर लाल दिवा लागला होता. पेटीवरचा माणूस चहा आणायला खाली गेलेला. बाई सभागृहातून फोनवर ओरडत होत्या आणि फोन रिकाम्या खोलीत वाजत होता. तो माणूस कपबशी घेऊन वर येईपर्यंत देशभरच्या रेडिओंवर पन्नास सेकंद बासरी, दोन व्हायोलिन आणि गिटार. शांतता गेली, व्हायोलाचा सूरही गेला. सेकंदरावांची रचना सेकंदरावांनीच बुडवली होती.

"पन्नास?" एवढंच त्यांनी विचारलं.

"बावन्न," बाई म्हणाल्या. त्यांच्यापाशी खोटं बोलण्यात अर्थ नव्हता.

घरी पोचतात तोच फोन वाजला. ताई होती.

"छान झालं रे बाळ! सुरुवातीला जरा जड गेलं मला, खोटं कशाला सांगू. पण मधे तुझी ती जुनी धून आली ना, काय बरं वाटलं! बाबांसाठीच घातलीस ना? रेडिओ बिघडून ती लागली की बाबा सगळ्यांना गप्प करायचे. म्हणायचे, गप्प बसा रे, आपला पोरगा लागलाय."

सेकंदरावांना हे माहीत नव्हतं. ते "हो" म्हणाले. मग "हो, हो" म्हणाले आणि फोन ठेवला.

"सांगून का नाही टाकलंत?" बायको म्हणाली.

"काय सांगू? की ती चुकून लागली? तिला बरं वाटलंय ते काढून घेऊ?"

"मग मिटलं तर."

"मिटलं कुठे? तिने ऐकलंच नाही ते."

 नवऱ्याच्या आवाजावरून बायकोला कळलं की हे इस्त्रीच्या कपड्यांसारखं बाजूला ठेवता येण्याजोगं प्रकरण नाही.

झाल्या प्रकाराने साहेब ओशाळले होते. भरपाई म्हणून त्यांनी रविवार सकाळचा वेळ दिला. वादकांनी स्टुडिओत यावं आणि पुन्हा थेट वाजवावं. फक्त राखणदार बंद करणं त्यांच्या हातात नव्हतं. त्यासाठी मुख्यालयाचं पत्र लागतं. सेकंदरावांनी मुख्यालयाला लिहिलं, आणि 'प्रकरण विचाराधीन आहे' असं उत्तर आलं. केंद्रातल्या कुणीच आजवर विचाराधीन प्रकरणातून काही बाहेर आलेलं पाहिलं नव्हतं.

"अकराचे सात करा," साहेब म्हणाले. "सातात राखणदार लागत नाही. अहो, सात काय आणि अकरा काय, ऐकणाऱ्याला काय फरक पडतो?"

सेकंदराव कोठारात गेले, स्टुलावर बसले आणि त्यांनी पेन्सिलीने अकरा खोडून सात लिहिलं. दिसायला काही वाईट दिसत नव्हतं. त्यांनी इतरांचे इतके शेवट गिळले होते, की आपले चार सेकंद गिळायला लाज वाटण्याचं कारण नव्हतं. पण सातव्या सेकंदाला ताईचं बोट अजून वरच होतं. सातव्या सेकंदाला दोघांनाही आशा होती. त्यांनी रबर घेऊन सात खोडलं, कागदाला भोक पडेपर्यंत खोडलं, आणि तडक इंजिनिअर बाईंकडे गेले.

"त्या पेटीला नेमकं काय लागतं?"

"आवाज."

"कसला?"

"कसलाही. तिला कुठे अक्कल आहे? काटा हलला की झालं."

"माझा चालेल?"

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. "बोलणार आहात मधे?"

"बोलणार नाही."

त्या दुपारी दोघांनी तीन नंबरच्या खोलीत प्रयोग केले. कागद उलटला, काटा हलला नाही. बनातीचं कापड आपलं काम चोख करत होतं. टाचणी टाकली, नाही. पेन आपटलं तर हलला, पण ते सेकंदरावांनाच हास्यास्पद वाटलं. घसा खाकरला तर काटा टुणकन उडाला. तो बेत बाईंनीच हाणून पाडला. मग सेकंदराव मायक्रोफोनला तोंड लावून नुसते बसले आणि श्वास घेतला. काटा उठला आणि खाली आला.

"नाकाने नको, तोंडाने घ्या," बाई म्हणाल्या. "पाचाच्या आत दर वेळी एक. तिसऱ्याला, सहाव्याला, नवव्याला. मधे विसरलात तर बसली बासरी बोकांडी."

सेकंदरावांचं यात समाधान नव्हतं. घरात कुणी आवाज करू नये म्हणून आपणच दारात उभं राहून बोंबलावं, तसला हा उद्योग होता. शांतता मोडू नये म्हणून ती आपण मोडायची. पण दुसरा उपाय नव्हता, आणि निदान अकराचे अकरा तरी राहत होते.

रविवारी सकाळी दहाला मोठ्या स्टुडिओत वादक बसले. सेकंदराव आपल्या खोलीत. एका काचेतून कंडक्टरची छडी दिसत होती, दुसऱ्या काचेतून बाई आणि बाईंसमोर पेटी. बाईंनी ती त्या दिवसापुरती आपल्या टेबलावर आणवून घेतली होती. सेकंदरावांनी रचनेचं नाव सांगितलं, वाद्यं सांगितली आणि ते बाजूला झाले.

चौदाव्या मिनिटाला छडी थांबली. सेकंदरावांनी मायक्रोफोनची कळ वर केली आणि घड्याळाकडे बघितलं. बघावंच लागत होतं. तिसऱ्या सेकंदाला त्यांनी श्वास घेतला. काटा हलला, बाईंनी मान हलवली. पाचवा सेकंद गेला. सहावा आला, आणि सेकंदरावांना वडिलांची उशी दिसली, उशीवरचं उघडं तोंड दिसलं, आणि आपण कशासाठी बसलोय याचा त्यांना पार विसर पडला. सातवा गेला. आठव्याला पेटीवर पिवळा दिवा लागला. बाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या. त्यांना काचेवर टकटक करता येईना, कारण टकटक ऐकू गेली असती. सेकंदरावांनी श्वास घेतला असं म्हणता येणार नाही. रोखलेला होता तो त्यांच्या हातून सुटला, मोठा आणि थरथरत, आणि त्याच्यामागून लगेच तिसरा. दिवा विझला. मग व्हायोलाचा सूर आला.

रचना संपल्यावर त्यांनी नेहमीसारखे चार सेकंद जाऊ दिले आणि पुढची रेकॉर्ड सांगितली. बाईंनी काचेपलीकडून कपाळावरचा घाम पुसून दाखवला. साहेब येऊन म्हणाले, छान झालं, फक्त मधे कुणाला तरी दम लागल्यासारखं वाटलं, पुढच्या वेळी बघा. सेकंदरावांनी बघतो म्हटलं.

दुपारी दीडला ते घरी पोचले. बायकोने दार उघडलं. "ताईंचा फोन येऊन गेला," ती म्हणाली. "तुम्ही आलात की करा म्हणाल्या."  तिचे डोळे लाल होते.

फोन जेवणाच्या टेबलापाशी भिंतीवर होता. सेकंदरावांनी चपला न काढताच नंबर फिरवला.

"धून काढलीस वाटतं," ताई म्हणाली.

"ती चुकून लागली होती, ताई. मी घातली नव्हती."

"ते कळलं होतं मला. 'हो, हो' असं म्हणतोस का तू कधी?" मग तिने विचारलं, "अकरा होते ना रे?"

सेकंदराव भिंतीला टेकले. "तू मोजलेस?"

"आज मोजले. तेव्हाही मोजले होते. तू घड्याळात बघून मोजत होतास, मी मनातल्या मनात. अकराला माझा धीर सुटला."

"तू बघितलं होतंस मला?"

"अरे, समोरच तर होतास. बरं वाटलं मला, आपण दोघं मिळून मोजतोय म्हणून." मग ती म्हणाली, "आज मधे श्वास ऐकू आला. तीनदा."

"तो माझा होता. असायला नको होता, ताई. ते यंत्र आहे ना, त्याला आवाज लागतो, म्हणून..."

"असू दे रे," ताई म्हणाली. "तेव्हा आपण एकाचीच तर वाट बघत होतो."

सेकंदरावांना रडू फुटलं. ताईने त्यांना रडू दिलं, आणि मग विचारलं, "जेवलास का?"